रस आणि चोथा : घरच्या ज्यूसरची पहिली ओळख

गाजराचा तुकडा मुठीत कितीही आवळला तरी त्यातून थेंब सुटत नाही. खरे तर शंभर ग्रॅम गाजरात सुमारे ८८ ग्रॅम पाणी असते, म्हणजे जवळजवळ गाईच्या दुधात असते तेवढे. मोसंबी मात्र आडवी कापून पिळली की रस वाहू लागतो. पाणी दोन्हींत सारखेच आहे. फरक आहे तो ते कशात कोंडले आहे याचा. मोसंबीच्या फोडीत रसाच्या लांबट पिशव्या असतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि त्यांचे आवरण बोटाच्या दाबानेही फुटते. गाजराचे पाणी असंख्य सूक्ष्म पेशींमध्ये वाटले गेलेले असते. प्रत्येक पेशीत एक मोठी रिक्तिका असते, तिच्यात साखर, आम्ले आणि क्षार विरघळलेले असतात. भोवती सेल्युलोजची चिवट भिंत असते आणि शेजारशेजारच्या भिंती पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. गाजराचा रस काढायचा म्हणजे या भिंती फोडायच्या आणि मग पातळ भाग घट्ट भागापासून वेगळा करायचा. ज्यूसर ही दोन कामे करतो.

त्यामुळे ज्यूसर चालवला की दोन भांडी भरतात. एकात रस जमतो, दुसऱ्यात चोथा. जाहिरातीत दिसतो तो रस, आणि घरात यंत्र आल्यावर सगळ्यांची नजरही पेल्यावरच खिळते. या प्रकरणात मी वाचकांना आग्रहाने सांगणार आहे की, पहिल्याच दिवशी दोन्ही भांड्यांकडे सारख्याच लक्षाने पाहावे. यंत्र चांगले आहे का, रस किती प्यावा, कोणत्या फळाला ज्यूसर लावावा आणि कोणते तसेच चावून खावे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे दोन्ही भांडी शेजारी ठेवल्यावरच मिळतात.

यंत्राच्या दोन जाती

घरगुती ज्यूसर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला सेंट्रिफ्यूगल. आपल्याकडच्या ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडरला जोडलेला ज्यूसर बहुधा हाच असतो. तळाशी बारीक दातांची चकती आणि तिच्याभोवती बारीक छिद्रांची स्टीलची जाळी, दोन्ही एकत्रच फिरतात. चकती गाजराचा कीस पाडते, कीस जाळीवर फेकला जातो, रस छिद्रांतून पार होतो आणि चोथा जाळीच्या कडेवरून मागच्या भांड्यात पडतो. मिनिटाला दहा हजार फेरे आणि जाळीची त्रिज्या सहा सेंटीमीटर धरून हिशेब केला, तर जाळीच्या कडेचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात जातो. तिथे किसावर पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साडेसहा हजार पटींहून अधिक असतो. या जोरामुळेच रस क्षणात सुटतो. झाकणाची कडी नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये अशी व्यवस्था त्यात का असते, हेही याच आकड्यांवरून कळते.

दुसरा प्रकार स्लो ज्यूसर. दुकानात त्याला कोल्ड प्रेस म्हणतात. त्यात मळसूत्री आट्यांचा जाड दांडा मिनिटाला साधारण ४० ते ८० फेरे घेतो. तत्त्व रसवंतीच्या चरकाचेच, म्हणजे दाबाचे. चरकवाला एकदा पिळलेली चिपाडे दुमडून पुन्हा लाटांमध्ये घालतो, तेव्हा राहिलेला रस निघतो. स्लो ज्यूसरमध्ये वाट पुढे पुढे अरुंद होत जाते आणि एकाच फेरीत दाब वाढत जातो. पालक, पुदिना, कोथिंबीर, गव्हांकुर अशा पाल्याचा रस या यंत्रातून चांगला निघतो. सेंट्रिफ्यूगलमध्ये पाने किसली जाण्याआधीच पुष्कळदा जाळीवरून उडून चोथ्यात जातात. वेग, कमी किंमत आणि अख्खे मोठे तुकडे घालण्याची सोय हवी असेल तर पहिला प्रकार घ्यावा. आवाज कमी, फेस कमी आणि चोथा कोरडा हवा असेल तर दुसरा.

सेंट्रिफ्यूगलच्या उष्णतेने जीवनसत्त्वे नष्ट होतात, असे विक्रेते हमखास सांगतात. प्रत्यक्षात रस त्या जाळीत काही सेकंदच असतो आणि त्याचे तापमान थोड्याच अंशांनी वाढते. एवढ्याने क जीवनसत्त्व संपत नाही. खरा फरक हवेचा आहे. वेगाने फिरणाऱ्या जाळीत रसाचे बारीक तुषार उडतात, त्यांत हवा मिसळते, फेस येतो आणि ऑक्सिडेशन लवकर सुरू होते. रस काढल्या काढल्या पिणाऱ्या घरात हा फरक फार मोठा ठरत नाही. बाटलीत भरून ठेवायचा असेल तर ठरतो.

सुरू करण्यापूर्वी

नवे यंत्र खोक्यातून काढल्यावर सुटे होणारे सगळे भाग कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावेत. मोटरचा भाग फक्त ओल्या फडक्याने पुसावा. जाळीचे दात धारदार असतात, म्हणून ती कडेला धरावी. तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा. मोटर सलग किती मिनिटे चालवायची आणि मध्ये किती विसावा द्यायचा, हे माहितीपुस्तिकेत किंवा तळाच्या पट्टीवर लिहिलेले असते. ते आधी वाचावे. पहिल्या फेरीला काकडीचे चार तुकडे घालून जो रस येईल तो ओतून द्यावा. कारखान्यातली धूळ आणि वास त्याच्याबरोबर निघून जातो, शिवाय कडी, तोटी आणि भांडे नीट बसले आहे की नाही तेही कळते.

तुकडे आत ढकलायला दट्ट्याच वापरायचा. बोट, चमचा किंवा सुरीचे टोक नळीत कधीही घालू नये. दट्ट्याही सावकाश दाबावा. जोराने दाबल्यास कीस जाडा पडतो आणि रस चोथ्यातच राहतो. स्लो ज्यूसरमध्ये गाजर-बीट बोटभर लांबीच्या काड्यांसारखे चिरावे आणि मऊ फळ व कडक फळ आलटून पालटून घालावे. दांडा अडकला तर उलट फिरवण्याचे बटण दाबावे. आवळा, बोर, जांभूळ यांच्या कठीण बिया आधी काढाव्यात. संत्रे-मोसंबी सोलूनच घालावीत, कारण सालीतल्या तेलाने रस उग्र होतो.

काही फळे ज्यूसरच्या वाट्याला जाऊच नयेत. केळे, चिकू, पिकलेली पपई आणि आंबा यांत मोकळा रस थोडा आणि गर भरपूर. ज्यूसरमध्ये त्यांचा गर जाळीला चिकटून बसतो आणि उरलेला चोथ्याच्या भांड्यात जातो. हापूसचा आमरस ज्यूसरमधून काढण्याच्या मोहात पडू नये. तो हाताने पिळून गाळणीवर घोटला किंवा मिक्सरमध्ये फिरवला तरच गरासकट मिळतो. मिक्सर काहीच वेगळे काढत नाही, ज्यूसर वेगळे काढण्यासाठीच असतो, एवढे लक्षात ठेवले की कोणत्या फळाला कोणते यंत्र हे आपोआप ठरते.

पहिला रस गाजराचा

पहिल्या चाचणीला गाजर उत्तम. ते वर्षभर मिळते, काळे पडत नाही आणि यंत्राची खरी परीक्षा घेते. अर्धा किलो गाजरे धुऊन, शेंडा-बुडखा काढून वजन करावे. रस काढून झाल्यावर रसाचे आणि चोथ्याचे वेगवेगळे वजन करावे. दोन्हींची बेरीज मूळ वजनापेक्षा थोडी कमी भरेल. तेवढा माल जाळीला आणि झाकणाला चिकटलेला असतो. गाजराच्या निम्म्या वजनाच्या आसपास रस मिळाला तर साधे सेंट्रिफ्यूगल यंत्र नीट काम करते आहे असे समजावे. स्लो ज्यूसरकडून याहून अधिक अपेक्षा धरायला हरकत नाही.

आता चोथा मुठीत घेऊन पिळावा. रस ठिबकला तर तुकडे घाईने घातले गेले असतील किंवा जाळीची छिद्रे बुजली असतील. जाळी धुऊन, दट्ट्या हळू दाबून पुन्हा करून पाहावे. चोथा भुरभुरीत आणि कोरडा झाला तर यंत्र आणि हात दोन्ही बरोबर आहेत.

त्या चोथ्याचा रंग पाहा. तो केशरीच राहिलेला दिसेल. गाजराचा रंग ज्या बीटा कॅरोटिनमुळे येतो, ते पाण्यात विरघळत नाही. फुटलेल्या पेशींतून त्याचे सूक्ष्म कण रसात उतरतात खरे, पण बराच भाग चोथ्यात मागे राहतो. शरीरात ते शोषले जायला थोडी स्निग्धताही लागते. म्हणून गाजराचा रस उपाशीपोटी पिण्यापेक्षा जेवणाबरोबर घेतलेला बरा. जाळीवरचे केशरी डाग साबणाने निघत नाहीत, तेही याच कारणाने. त्यांवर आधी खाद्यतेलाचे बोट फिरवावे आणि मग साबण लावावा. रंग तेलात उतरतो.

हवेशी गाठ पडल्यावर

दुसरी चाचणी सफरचंदाची. रस निघताच तो तीन पेल्यांत वाटावा. पहिला तसाच ठेवावा, दुसऱ्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळावा, तिसरा काठोकाठ भरून वर घट्ट झाकण ठेवावे. थोड्याच वेळात पहिला पेला तपकिरी होऊ लागतो, दुसरा बराच वेळ फिकट राहतो, तिसऱ्याचा रंग पहिल्याहून सावकाश बदलतो. सफरचंदाच्या पेशीत फिनॉल वर्गातली द्रव्ये एका कप्प्यात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. भिंती फुटल्या की दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होऊ लागते. लिंबातले आम्ल या विकराचा जोर कमी करते आणि त्यातले क जीवनसत्त्व रंग बनण्याच्या मधल्या पायरीवरच प्रक्रिया माघारी फिरवते. उसाचा रसही याच कारणाने काळवंडतो. रसवंतीवाला उसाच्या कांड्यांबरोबर लिंबू चरकात घालतो तेव्हा चवीबरोबर रंगही सांभाळला जातो.

तिसरी चाचणी मोसंबीची किंवा नागपुरी संत्र्याची. ताजा रस चाखावा, उरलेला झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार तासांनी पुन्हा चाखावा. गोड रस कडवट झालेला लक्षात येईल. रस नासलेला नसतो. अखंड फळात लिमोनिनचे एक बिनकडू पूर्वरूप रसाच्या आम्लापासून दूर, पडद्यांच्या आणि बियांच्या पेशींत असते. रस काढताना ते आम्लात मिसळते आणि हळूहळू कडू लिमोनिन बनते. विदर्भातल्या संत्र्यावर प्रक्रिया करून रस विकताना हा कडवटपणा मोठा अडथळा ठरत आला आहे. घरात त्यावर उपाय सोपा आहे. बिया आणि पांढरा पापुद्रा जमेल तितका काढावा, फळ चिरडण्यापेक्षा पिळावे आणि रस लगेच प्यावा. मोसंबीसाठी महागड्या ज्यूसरपेक्षा हातदाबाचे साधे यंत्र चांगले, ते यासाठीच.

रस फळापासून सुटला की बदलू लागतो, हा धडा आरमारी वैद्यकाने फार पूर्वी किंमत मोजून घेतला. १७४७ साली ब्रिटिश जहाज सॅलिसबरीवर जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्हीच्या बारा रुग्णांवर दोघांदोघांच्या जोड्या करून वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. पण लांबच्या सफरीत रस टिकावा म्हणून लिंडने तो आटवून पाक करण्याचा सल्ला दिला. उष्णतेने आणि हवेने त्यातले क जीवनसत्त्व बहुतांशी गेले आणि तो पाक उपयोगी पडला नाही. आज फ्रिज आहे, तरी नियम तोच. रस त्याच दिवशी संपवावा. ठेवायचाच असेल तर काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण लावून, फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावा, दारात नको. घरचा रस पाश्चराइझ केलेला नसतो. सालीवरचे जंतू रसात उतरतात आणि वाढतात. म्हणून सोलायचे फळसुद्धा आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांना शिळा रस देऊच नये.

चोथ्यात काय गेले

दोनशे मिलिलिटर संत्र्याच्या रसात साधारण १७ ग्रॅम साखर असते, म्हणजे चार चमचे. ती फळाचीच साखर आहे, वरून घातलेली नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फळांच्या रसातली साखर मोकळ्या साखरेत मोजली आणि अखंड फळातली मोजली नाही. मोकळ्या साखरेतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवावी, असे त्या सूचना सांगतात. रोज २००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे अवघी २५ ग्रॅम साखर. एक मोठा पेला रस त्यातला दोनतृतीयांश हिस्सा खाऊन टाकतो.

साखर तीच असताना फळाला सूट आणि रसाला नाही, याचे कारण चोथ्याच्या भांड्यात आहे. १९७७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक साधा, पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. दहा निरोगी माणसांना सारख्याच प्रमाणात कर्बोदके असलेली सफरचंदे, सफरचंदाचा लगदा आणि सफरचंदाचा रस वेगवेगळ्या वेळी देण्यात आला. रस अखंड फळापेक्षा अकरा पट वेगाने संपला. पोट भरल्याची भावना फळाने सर्वाधिक, लगद्याने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी दिली. रसानंतर रक्तातले इन्सुलिन जास्त वाढले आणि नंतर साखर मूळ पातळीच्याही खाली घसरली. फळ खाल्ल्यावर तशी घसरण झाली नाही. तंतूंच्या भिंती, त्या फोडायला लागणारे चावणे आणि चावायला लागणारा वेळ, या तिन्ही गोष्टी मिळून फळाची साखर संयमात ठेवतात. ज्यूसर ते सगळे काम काही सेकंदांत उरकतो.

यावरून मात्रा ठरवता येते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा सल्ला दिवसाला १५० मिलिलिटरपर्यंतच रस घेण्याचा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ साली एक वर्षाखालील बाळांना फळांचा रस देऊच नये आणि एक ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलिलिटर द्यावा, असे सांगितले. मधुमेह असलेल्यांनी फळांच्या रसाबाबत डॉक्टरांना विचारावे. भाजीचे प्रमाण अधिक आणि फळ चवीपुरते, म्हणजे काकडी, गाजर, थोडे बीट, आले आणि अर्धे सफरचंद, अशी जुळणी रोजच्यासाठी जास्त समंजस आहे. त्यात एखादा आवळा टाकला की क जीवनसत्त्वाची बाजू भक्कम होते. संत्र्याच्या कितीतरी पट ते आवळ्यात असते.

चोथा फेकायची गरज नाही. गाजर-बीटचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत, धिरड्याच्या पिठात किंवा कटलेटमध्ये मिसळतो. सफरचंदाचा शिऱ्यात चालतो. तो त्याच दिवशी वापरावा, कारण तो ओला असतो आणि लवकर आंबतो. जे स्वयंपाकात जात नाही ते कुंडीच्या खतात घालावे.

कडू दुधी : कधीही नाही

घरोघरी ज्यूसर आले तसा सकाळी दुधीचा रस पिण्याचा प्रघातही पसरला. इथे एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. काकडी, दुधी, दोडका या कुळातल्या वनस्पतींत क्युकरबिटॅसिन नावाची विषारी, अतिशय कडू द्रव्ये तयार होऊ शकतात. नेहमीच्या दुधीत ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात प्रमाण वाढलेले असते आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसे दगावली आहेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने दिलेला सल्ला असा : रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू लागला तर संपूर्ण फळ टाकून द्यावे, दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये आणि रस प्यायल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब किंवा अस्वस्थता जाणवली तर ताबडतोब रुग्णालयात जावे. रस मिसळायचा नाही, कारण गोडव्याखाली कडूपणा लपतो आणि शरीराने दिलेला एकमेव इशारा हरवतो. ‘औषध कडूच असते’ असे म्हणून तो पेला संपवण्याचा आग्रह घरातल्या कोणीही कोणाला करू नये.

ज्यूसरची योग्य जागा

धुण्याचा कंटाळा हे अनेक घरांत ज्यूसर माळ्यावर जाण्याचे कारण असते. उपाय एकच. रस पेल्यात ओतला की पिण्याआधी जाळी नळाखाली धरावी आणि ब्रशने दोन्ही बाजूंनी घासावी. ओला तंतू लगेच निघतो, वाळलेला छिद्रांत रुतून बसतो.

काही घरांत या यंत्राचा खरा उपयोग आहे. दात गेलेल्या आजी-आजोबांना गाजर चावता येत नाही. आजारातून उठणाऱ्याला पेलाभर रस पोळीपेक्षा सहज जातो. कच्ची पालेभाजी तोंडात न घेणाऱ्या मुलाला काकडी-पुदिन्याच्या रसातून तिची चव लागते. हंगामात डाळिंबे, संत्री स्वस्त होतात तेव्हा घरात आलेला जास्तीचा माल वाया जात नाही. या घरांनी ज्यूसर जरूर वापरावा, आणि वापरताना चोथ्याचेही काय करायचे ते ठरवूनच बटण दाबावे. धडधाकट माणसाने मात्र सफरचंद, पेरू, संत्रे हातात घेऊन चावून खावे आणि रस अधूनमधून, छोट्या पेल्यात घ्यावा. फळाची जागा रसाने घेऊ नये. जे चावता येत नाही किंवा चावले जात नाही, तेवढ्यासाठी ज्यूसर ठेवावा. पहिल्याच दिवशी दोन्ही भांड्यांचे वजन करून पाहिलेल्या घराला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही, आणि त्या घरात ज्यूसर वर्षानुवर्षे ओट्यावर टिकतो.